चिंध्यांची देवी आणि सुजनीचा टाका

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात, नंदादीप तेवू लागतो आणि पुढील नऊ दिवस आदिमायेच्या पूजनात जातात. तिची ओटी भरावी, तिला साडीचोळी अर्पण करावी, कुमारिकेचे पाय धुऊन तिला जेवू घालावे, सवाष्णीला पाटावर बसवून हळदीकुंकू लावावे, ही आपल्या कुळांची चालत आलेली रीत. या साऱ्या उपचारांत वस्त्राला मानाचे स्थान आहे, आणि ते केवळ नव्या कोऱ्या वस्त्रालाच आहे असे नव्हे. आजीच्या अंगावर झिजून मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे शिवावे आणि नातवंडाला प्रथम त्यातच गुंडाळावे, हा आग्रह आजही कित्येक घरांतून धरला जातो. कोवळ्या अंगाला जुनेर बोचत नाही, हे त्याचे व्यावहारिक कारण. ज्या अंगाने घर सांभाळले त्या अंगाची ऊब नव्या जिवाला लाभावी, ही त्यामागील भावना.

हीच भावना येथून शेकडो कोस दूर, गंगेच्या उत्तरेस तिरहुतच्या खेड्यांतूनही नांदते. सीतामाईचे माहेर म्हणून जो मुलूख आपण पूजनीय मानतो त्याच परिसरात, बिहारच्या मुजफ्फरपूर जिल्ह्यात, गायघाट प्रखंडात भुसुरा नावाचे गाव आहे. त्या गावच्या व भोवतालच्या खेड्यांतील स्त्रिया ‘सुजनी’ शिवतात. सुजनी म्हणजे आपल्या गोधडीचीच बहीण. घरातील जीर्ण साड्या आणि धोतरे एकावर एक अंथरावयाची आणि साध्या धावदोऱ्याने ती एकजीव करावयाची. बाळंतपण जवळ आले की ही शिवण हाती घेतली जाई. ‘सुजनी’ या शब्दाची फोडही ‘सु’ आणि ‘जनी’, म्हणजे सुखाचा जन्म, अशी करून सांगतात. निरनिराळ्या चिंध्या एकत्र सांधल्या म्हणजे ‘चितिरिया माँ’ प्रसन्न होते, अशी तेथील श्रद्धा आहे. चितिरिया माँ म्हणजे चिंध्यांची देवी. विखुरलेले सारे तुकडे अखेरीस एकाच अखंडाचे आहेत, हे तिचे तत्त्व. त्या कापडावर सूर्य आणि मेघ काढीत, ते जीवनदात्या शक्तीला आवाहन म्हणून. लाल धागा रक्ताचा, पिवळा सूर्याचा.

शास्त्राधार शोधणाऱ्यांना येथे ऋग्वेदाचे स्मरण होईल. दुसऱ्या मंडलातील एका सूक्तात राका या पौर्णिमेच्या देवतेची प्रार्थना आहे. न मोडणाऱ्या सुईने तू हे कार्य शिव आणि आम्हांस वीर पुत्र दे, असे तिला विनविले आहे. अपत्यजन्म आणि शिवणकाम यांची सांगड वेदकाळीही कोणाच्या तरी मनात घातली गेली होती. आमच्या ज्ञानदेव-नामदेवांच्या परंपरेतील नामदेवराय तर जातीनेच शिंपी. तेव्हा सुईदोऱ्याला देवघरात जागा आहे, याविषयी शंका नसावी.

परंतु या लेखाचा विषय सुजनीची प्राचीनता हा नाही. गेल्या काही दशकांत या कापडावर जे उमटू लागले, ते आहे.

गिरणीचे कापड आणि तयार पांघरुणे सुलभ झाली तसतशी सुजनी मागे पडत गेली. १९८८ साली भुसुऱ्याच्या निर्मला देवी यांच्या पुढाकाराने महिला विकास सहयोग समिती उभी राहिली. पाटण्याच्या ‘अदिति’ या संस्थेने, म्हणजेच तिच्या संस्थापिका विजी श्रीनिवासन यांनी, या कामास हातभार लावला. देवमातेचे नाव धारण करणाऱ्या संस्थेकडून लेकुरवाळ्यांच्या कलेला आधार मिळावा, हा योगही मोठा बोलका आहे. हेतू सरळ होता. ज्या घरांतून पडद्याची चाल कडक, स्त्रीने उंबरठ्याबाहेर जाऊन मोलमजुरी करणे जेथे कमीपणाचे, तेथे घरी बसून चार पैसे मिळावेत. जुन्या साड्यांच्या जागी नवे सुती कापड आले, पुढे टसरही आले, आणि शहरांतील गिऱ्हाइके लाभली.

मग एक अनपेक्षित गोष्ट घडू लागली. कापडावर पक्षी, मासे, झाडे आणि देवदेवता काढणाऱ्या हातांनी आपल्याच घरातील प्रसंग काढावयास आरंभ केला. हुंड्याची देवघेव करणारे पुरुष आले. दारू पिऊन आलेला नवरा आणि त्याने उगारलेला हात आला. घुंघट ओढून कोपऱ्यात बसलेली सून आली, मुलगी जन्मली म्हणून उतरलेले चेहरे आले. एकाच सुजनीच्या एका अंगाला मार खाणारी स्त्री, तर दुसऱ्या अंगाला सभेत उभी राहून बोलणारी, बाजारात आपला माल विकणारी स्त्री, अशीही रचना त्यांनी केली. गावातील एखादी चित्रात निपुण असलेली बाई आकृती आखून देते आणि इतरजणी टाके घालतात. आकृतीची कड गडद धाग्याच्या साखळी टाक्याने बांधून काढतात, आतील भाग रंगीत धावदोऱ्याने भरतात, आणि उरलेली सारी मोकळी जागा कापडाच्याच रंगाच्या धाग्याने ओळीओळीने शिवून टाकतात. हा शेवटचा भाग सर्वांत वेळखाऊ. दुरून तो दिसतही नाही. हात फिरवला म्हणजे मात्र बोटांना कळतो.

एरवी जे ओठांवर येत नाही ते टाक्यांत कसे आले, याचा विचार करण्याजोगा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मारहाण अथवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना विचारले गेले की, तुम्ही कोणाची मदत मागितली काय? शंभरातील ७७ जणींनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. सख्ख्या बहिणीलाही नाही, आईलाही नाही. सांगावयाचे म्हणजे ‘मी’ म्हणावे लागते, नवऱ्याचे नाव घ्यावे लागते, आणि मग त्याच घरात पुन्हा चूल पेटवावी लागते. कापडावर मात्र ‘एक बाई’ असते. ती कोणीही असू शकते. चौघीजणी एका गोधडीभोवती बसल्या, माना खाली, डोळे सुईवर. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. अशा बैठकीत बोलणे सोपे होते, हे ज्यांनी आजीच्या भोवती बसून शेवया वळल्या आहेत किंवा वाती केल्या आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको. आपल्या भोंडल्याच्या गाण्यांतून सासरच्या जाचाची जी थट्टा चालते, तीही याच जातीची युक्ती होय. माहेरी जाऊ का म्हणून विचारणाऱ्या सुनेला सासू कारल्याचा वेल लागेपर्यंत थांबावयास सांगते, आणि हत्तीभोवती फेर धरणाऱ्या मुली हसत हसत ते गातात. हसू आहे म्हणून ते दुःख खोटे ठरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो आमच्या श्रद्धाळू घरांतूनच अधिक घेतला जातो. घरातील गोष्ट घरात राहावी. ज्या कापडात देवीचे स्मरण करून बाळ गुंडाळावयाचे त्यावर मारहाणीची चित्रे काढणे अमंगल नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही आपल्याच ग्रंथांतून द्यावे. महाभारताच्या द्यूतसभेत काय घडले? कुलवधूवर तिच्याच घरच्यांनी, घरच्याच सभेत हात टाकला. धर्म जाणणारी वडील मंडळी समोर बसली होती. तिने प्रश्न विचारला की, जो स्वतःलाच आधी हरला त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला? विदुर बोलला, कौरवांतील एकटा विकर्ण बोलला. बाकी सभा खाली मान घालून राहिली. व्यासांनी हे अमंगल म्हणून गाळले नाही. आणि लोकपरंपरेने त्याला एका चिंधीची कथा जोडली. श्रीकृष्णाचे बोट कापले तेव्हा द्रौपदीने आपले मोलाचे वस्त्र फाडून चिंधी बांधली, आणि भगवंताने तिची परतफेड केली ती सभेत वस्त्रे पुरवून. चितिरिया माँच्या लेकींना ही कथा ठाऊक असो वा नसो, चिंधीचे मोल त्यांना ठाऊक आहे.

दुसरा दाखला संतांचा आहे. तुकोबारायांच्या शिष्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी आपल्या अभंगांतून स्वतःचे चरित्र सांगितले आहे. बालवयात, वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या बिजवराशी त्यांचा विवाह झाला. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनाचा त्यांना ध्यास लागला, पुढे तुकोबांवर निष्ठा जडली, आणि याच कारणांनी पतीच्या हातचा बेदम मार त्यांनी सोसला. हे सारे त्यांनी लिहून ठेवले. पतीविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही. पण मार झाकूनही ठेवला नाही. आज वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे त्यांच्या समाधीसमोर नतमस्तक होणाऱ्यांनी त्या अभंगांना अमंगल म्हणावे काय?

सातासमुद्रापलीकडेही हा विचार सुचला आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील हायनिस या गावी १९९० च्या ऑक्टोबरात गावच्या हिरवळीवर एक दोरी बांधून तीवर ३१ सदरे वाळत घातल्यासारखे टांगले गेले. छळ सोसलेल्या स्त्रियांनी ते स्वतः रंगवले होते. हिंसेत प्राण गमावलेल्यांसाठी पांढरा रंग राखला होता. घरची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत, असे जे आपण म्हणतो त्याला हे त्यांचे उत्तर. ते त्यांच्या रीतीचे आहे, नि आमच्या मते थोडे भडकही आहे. सुजनीची रीत मऊ आहे, आणि म्हणूनच ती उंबरठ्याच्या आत पोहोचते.

तरीही सुजनीविषयी भाबडे होऊ नये. शहरातील प्रदर्शनात मांडलेली मार खाणाऱ्या स्त्रीची गोधडी कोणी दिवाणखान्याची शोभा म्हणून विकत घेतो आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, तेव्हा ती व्यथा कोणाच्या उपयोगी पडली? शिवाय बाजाराची मागणी फुलापानांच्या उशीच्या अभ्र्यांची अधिक. चित्रकथा सांगणारी मोठी सुजनी पुरी होण्यास दिवसच्या दिवस जातात, आणि टाक्यांच्या त्या श्रमाला साजेशी किंमत देणारे हात थोडे. केवळ चित्र पाहून उगारलेला हात खाली येतो, असेही कोणी समजू नये.

हात खाली येण्याला दुसरे एक कारण मात्र असू शकते, आणि ते बाईच्या गाठीला असलेले धन होय. अर्थशास्त्रज्ञ बिना अग्रवाल यांनी प्रदीप पांडा यांच्यासह केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या विवाहितांच्या नावे घर नव्हते आणि जमीनही नव्हती, त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी पतीची मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावे दोन्ही होते त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते. आमच्या स्मृतिकारांनी स्त्रीधनाची स्वतंत्र व्यवस्था सांगितली ती उगीच नव्हे. ते धन आपण दागिन्यांपुरते मोजत आलो, आणि तेही बहुधा सासूच्या कपाटात! भुसुऱ्याच्या बाईला सुजनीचे पैसे तिच्या हाती मिळतात. ते घर-जमिनीइतके मोठे नाहीत, पण त्यांना तिचे नाव आहे.

हे सारे बिहारचे, आपल्याकडे तसे काही नाही, असे म्हणावयाची सोय नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी पतीचा अत्याचार सोसलेल्यांचे प्रमाण बिहारात ४० टक्के निघाले हे खरे; परंतु महाराष्ट्रातही ते सुमारे २५ टक्के, म्हणजे चौघींत एक, असे आहे. अष्टमीला ओटी भरण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या स्त्रियांकडे पाहून त्यांतील चौथी कोण हे ओळखता येणार नाही. कायदा तिच्या पाठीशी आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. मारहाणच नव्हे, तर अपमान, पैशाची अडवणूक, घराबाहेर काढण्याची धमकी, हीदेखील त्यात हिंसाच मानली आहे. आणि राहत्या घरात राहण्याचा तिचा अधिकार त्याने मान्य केला आहे. सून जशी दाद मागू शकते तशी सासूही, आई आणि बहीणही मागू शकते. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात; १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. हा क्रमांक देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर बारीक अक्षरांत लिहून ठेवण्यास काही खर्च येत नाही.

आपल्याकडे गोधडी आहे, वाकळ आहे, रुखवतात मांडण्याचे भरतकाम आहे, दारातील रांगोळी आहे. भोंडल्याच्या दिवशी पंधरा-वीस मुलीबाळी, सुना, सासवा एका अंगणात जमतात. खिरापत ओळखण्याआधी अर्धा घटका सर्वजणींनी मिळून एका जुन्या लुगड्यावर चार टाके घालावेत. काय काढावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे, कोणी विचारू नये. कोणी मोर काढील, कोणी तुळशीवृंदावन. कोणी बंद दार काढील. ते पाहून घरातल्या वडील बाईने तिला दुसऱ्या दिवशी, एकटी असताना, चहाला बोलवावे.

भुसुऱ्याच्या निर्मला देवींना २०२५ साली भारत सरकारने पद्मश्री जाहीर केली, आणि ‘सुजनी’ला भौगोलिक मानांकनही लाभलेले आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रे आणि अवजारे पुजतो. शिंप्याच्या दुकानात कातरीला आणि शिवणयंत्राला झेंडूची माळ पडते, सुताराच्या घरी करवतीला हळदकुंकू लागते. घरच्या शिवणाच्या डब्यातील सुई बहुधा त्या दिवशी डब्यातच राहते. यंदा ती काढून, कापडाच्या तुकड्यात टोचून, पाटावर मांडावी.