हात वर कर बघू

नाशिकच्या जुन्या पेठेत आमचं लग्नाच्या साड्यांचं दुकान आहे. बस्ता बांधायला आलेलं घर आमच्या गादीवर तीन-चार तास सहज बसतं. गेल्या मार्गशीर्षात एक मुलगी आई आणि आत्याबरोबर आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "काकू, अर्ध्या तासात होईल ना? पाच वाजता बोटीवर जायचंय."

बोटीवर म्हणजे रोइंगला. आमच्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिम्पिकला वल्ही मारायला गेला, तेव्हापासून हा खेळ इथल्या घरांना निदान नावानं माहीत झाला. ही मुलगी आठ वर्षं वल्ही मारते. केस कानापर्यंत कापलेले, पायात खेळाचे बूट, अंगावर ट्रॅकसूट. आत्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "ताई, हिला जरा नवरीसारखं करा."

मी बनारसी शालूची घडी मोडली. तिनं हौसेनं पदरावर हात ठेवला आणि तिच्या तळव्यातल्या घट्ट्याला जरीचा धागा अडकला. तिनं हात मागे घेतला, "सॉरी काकू" म्हणाली आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसली. पुढची दहा मिनिटं ती फक्त मान हलवत होती. कुठलीही साडी दाखवली की "चालेल."

"चालेल" हा शब्द मी गेली सव्वीस वर्षं ऐकते आहे. सुरुवातीला मला वाटायचं, गिऱ्हाईक समजूतदार आहे. नंतर कळलं, की जिला आपण या कपड्यात बसणारच नाही असं वाटतं, ती मुलगी "चालेल" म्हणते. तिला साध्यातलं हवं असतं हे खरंच. पण साधं म्हणजे स्वस्त किंवा फिकं नव्हे. तिला तिच्यासारखं हवं असतं. ते तिच्याकडून काढून घेणं हे दुकानदाराचं काम आहे.

मी सगळ्या घड्या बाजूला केल्या आणि म्हणाले, "ऊठ. आता नवरी काय काय करते ते करून दाखव." पाट मांडला. मांडी घालून बस, हात न टेकता ऊठ, वाक, सात पावलं चाल. शेवटी म्हणाले, "आता हात वर कर बघू, हार घालतेस तसे." उंच वराला हार घालताना नवरीचे खांदे कानापर्यंत जातात. एरवी सगळं नीट असलेलं ब्लाऊज नेमकं तिथे दगा देतं. लग्न हे तीन-चार तासांच्या अंगमेहनतीचं काम आहे: अंतरपाट, होम, सप्तपदी, मग शंभर माणसांच्या पाया पडणं. आपण नवरीला उभी करून आरशात बघतो आणि साडी ठरवतो. पण उभी अशी ती राहते किती वेळ?

पाटावरून ती एका झटक्यात उठली, तेव्हाच माझं ठरलं: नववारी. शिवलेली नाही, नेसायची.

आत्यांना वाटलं, खेळाडू मुलीला मी अवघड जागी नेते आहे. खरं उलट आहे. सहावारी साडी साडेपाच मीटरची. ती परकरावर गुंडाळली जाते, पायात पाऊल अडकतं, म्हणून चाल आखडते. नववारी सव्वाआठ मीटरची असते आणि तिला परकर लागतच नाही. कमरेला गाठ बसते, पुढे निऱ्या येतात आणि काठ दोन पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचला जातो. प्रत्येक पाय स्वतंत्र होतो. आमच्याकडच्या बायकांनी याच नेसणीत भातलावणी केली, विहिरीचं पाणी शेंदलं, डोंगर चढले. मुंबईच्या क्रांती साळवी २०१८ साली बर्लिनची मॅरेथॉन नववारीत धावल्या, ४२ किलोमीटर, चार तासांच्या आत. पुण्याच्या शीतल महाजन यांनी त्याच वर्षी थायलंडमध्ये नववारी नेसून विमानातून उडी घेतली. हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिनं तळवे मांड्यांखालून काढले. "म्हणजे आत माझी शॉर्ट चालेल?" तिनं विचारलं. पळायची घट्ट शॉर्ट आत असली की कासोटा उलट पक्का बसतो. चालेल म्हणजे काय, तीच घाल म्हटलं.

शिवलेल्या नववारीला माझा विरोध नाही. पायजम्यासारखी चढवता येते, घाई असेल तर सोय आहे. पण ती मापात अडकलेली असते आणि त्यासाठी साडी कापावी लागते. खरी पैठणी कापायला मी कधीच देत नाही. ज्या घरात ती पुढच्या मुलीला द्यायची, तिथे तिला कात्री लावायची कशाला?

या मुलीसाठी नववारी पैठणीच घ्यायची ठरली, तेव्हा मी येवल्याच्या विणकराला फोन केला. दुकानात पैठण्या भरपूर असतात, पण बहुतेक सहावारी. नववारी मापाची हातमागावरची हवी तर विणून घ्यावी लागते, आणि हातात अडीच महिने होते. इथे थोडं समजावून सांगते, कारण बरीच घरं याच जागी फसतात. पैठणीचे काठ आणि पदर विणकर धाग्याला धागा अडकवत हातानं भरतो. म्हणून मोर, पोपट, असावली उलट्या बाजूनंही तितक्याच स्वच्छ दिसतात. मागे धागे लोंबत असतील तर ती यंत्रावरची नक्कल समजा. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१० साली. दुकानदाराला ते विचारा, आणि पदर उलटून बघाच. आता मुद्दा असा, की पदर जितका मोठा आणि नक्षी जितकी दाट, तितके दिवस जास्त आणि वजनही जास्त. मी लहान पदर, अरुंद नारळी काठ आणि अंगात विरळ बुट्ट्या सांगितल्या. साडी वेळेत येणार होती आणि खांद्यावर ओझंही पडणार नव्हतं. साधेपणाची ही हिशेबी बाजू आत्यांना पटली. त्यांचं शालूचं मन मात्र दुखलं. तो शालू मी स्वागत समारंभासाठी ठेवला. घरातल्या मोठ्या बाईची हौस अशी झटकून टाकू नये.

रंग तिनं स्वतः निवडला: गर्द हिरवा. "पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या कडेला असतो तो," म्हणाली. त्या दिवसात तिनं आपणहून बोललेलं हे पहिलं लांब वाक्य.

मामाकडच्या पिवळ्या साडीचं फार काही केलं नाही. सुती घ्या एवढंच सांगितलं. होमाजवळ बसताना नायलॉन-पॉलिएस्टर नको. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. रेशीम आणि सूत तसं वितळत नाही. ही गोष्ट प्रत्येक नवरीच्या आईला मी सांगते, साडी माझ्याकडून घेवो न घेवो.

खरी लढाई ब्लाऊजची होती. तीन वर्षांपूर्वी एका थाळीफेक करणाऱ्या मुलीचं ब्लाऊज माझ्याच दुकानातून गेलेलं होतं, आणि हार घालताना ते पाठीवर उसवलं. तिनं पूर्ण लग्न शाल पांघरून काढलं. ती माझी चूक होती आणि ती मी विसरलेली नाही. चूक अशी होते: शिंपी छातीचा घेर घेतो आणि ठरलेल्या प्रमाणात पुढचा-मागचा भाग कापतो. वल्ही मारणाऱ्या किंवा फेक करणाऱ्या मुलीचा घेर पाठीमुळे मोठा असतो. मग ब्लाऊज पुढे ढगळ होतं आणि मागे ताणलं जातं. म्हणून आता आम्ही पाठ आणि छाती वेगवेगळी मोजतो, एका कुशीच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत, आणि पाठ हात पुढे ताणून मोजतो.

दुसरं मुंढ्याचं. हात मोकळा हवा म्हणून मुंढा खोल कापावा असं सगळ्यांना वाटतं. पण खोल मुंढ्यात हात उचलला की अख्खं ब्लाऊज वर चढतं. मुंढा काखेच्या जवळ, वरच ठेवायचा, बाही उरेब कापायची आणि काखेत चौकोनी कळी घालायची. आमचे मास्तर आधी कुरकुरले. मग मुलीनं ट्रायलला येऊन, वल्हं ओढतात तसे दोन्ही हात दहा वेळा पुढे-मागे केले आणि मास्तर गप्प झाले. त्यांनी स्वतःहून डाव्या बाजूला अर्धा इंच सोडला. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा भरलेला होता, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

बाकीचं पटापट झालं. उंच टाचा नाहीत, कोल्हापुरी चपला. आखूड केसांवर मुंडावळ्या घसरतात, म्हणून दोन्ही कानांवर चाप. चुड्याचं माप कासारणीनं तळहात मिटवून घेतलं, आणि घट्ट्यांवरून बांगड्या सरकेनात तेव्हा खोबरेल लावलं. मुलीनं हात लपवला नाही.

फाल्गुनातल्या त्या लग्नाला मी मुद्दाम गेले. अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. वराला मित्रांनी खांद्यावर उचललं आणि सगळे मांडवात ओरडायला लागले. तिनं कासोटा एकदा मागे चाचपला, टाचा उचलल्या आणि दोन्ही हात सरळ वर नेले. लोक तिच्याकडे बघत होते. मी डाव्या मुंढ्याच्या शिवणीकडे बघत होते. हार पडला. शिवण तशीच होती.