घरगुती चव आणि बंद दार : अमेरिकेच्या दक्षिणेतील दोन कौटुंबिक उपाहारगृहांचा विचार

प्रस्तावना

'दाक्षिणात्य पदार्थ' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर इडली, डोसा आणि सांबार उभे राहते. अमेरिकेत मात्र हाच शब्दप्रयोग व्हर्जिनियापासून लुइझियानापर्यंतच्या दक्षिणेकडील राज्यांच्या खाद्यपरंपरेसाठी रूढ आहे. या अन्नाला तेथे 'कम्फर्ट फूड' असेही म्हणतात. पोटाबरोबर मनालाही स्वस्थ करणारे, बालपणीच्या स्वयंपाकघराची आठवण जागवणारे साधे अन्न, असा त्याचा अर्थ सांगता येईल. आपल्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला मऊ भात, मेतकूट आणि तूप यांतून जो दिलासा मिळतो, त्याच जातीचा हा दिलासा आहे.

असे अन्न एखाद्या कुटुंबाने चालविलेल्या, आपुलकीने वाढणाऱ्या छोट्या उपाहारगृहातच खरे खुलते, अशी तेथील सर्वसाधारण धारणा आहे. तथापि, 'घरगुती' या शब्दाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. या घरात कोणाला आपले मानले जाते? प्रस्तुत लेखात दोन कौटुंबिक उपाहारगृहांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

ताटाचे स्वरूप

दक्षिणेतील अनेक साध्या उपाहारगृहांत 'मीट अँड थ्री' ही पद्धत आढळते. मांसाचा एक पदार्थ आणि त्याबरोबर फलकावरील यादीतून निवडलेल्या तीन भाज्या, असे हे ताट असते. मांसाच्या पदार्थांत तळलेली कोंबडी किंवा मंद आचेवर धुरावलेले डुकराचे मांस असते. भाज्यांत कॉलर्ड ही कोबीच्या कुळातील पालेभाजी, चवळी, भेंडी आणि रताळी येतात. गमतीचा भाग असा की, चीज घातलेली मॅकरोनीसुद्धा या यादीत बिनदिक्कत 'भाजी' म्हणून गणली जाते.

सोबत बिडाच्या जाड भांड्यात भाजलेला मक्याचा कॉर्नब्रेड असतो किंवा ताक घालून केलेले मऊ 'बिस्किट' असते. हे बिस्किट आपल्या चहाबरोबरच्या कुरकुरीत बिस्किटासारखे नसून गरम, पदर सुटणाऱ्या लहानशा पावासारखे असते. कॉलर्डची भाजी डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर बराच वेळ शिजवितात. खाली उरणारे सत्त्वयुक्त पाणी टाकून न देता त्यात कॉर्नब्रेड बुडवून खातात.

पदार्थांचे मूळ

या ताटातील पदार्थांची वंशावळ पाहिली असता तीन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिला प्रवाह अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा होय. मका हे त्यांचे पीक असून, राखेच्या पाण्यात मका शिजवून त्याची साल काढण्याची क्रियाही त्यांनीच विकसित केली. आज न्याहारीला खाल्ली जाणारी 'ग्रिट्स' ही मक्याच्या भरडीची लापशी याच परंपरेतून आली आहे. दुसरा प्रवाह युरोपीय वसाहतवाल्यांचा असून गहू, डुक्कर आणि दुभती जनावरे त्यांच्याबरोबर आली.

तिसरा आणि अत्यंत महत्त्वाचा प्रवाह आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा होय. आपल्या परिचयाची चवळी हे मूळचे आफ्रिकेतील पीक असून भेंडीही आफ्रिकेतूनच अमेरिकेत पोहोचली. इंग्रजीतील 'ओक्रा' हा भेंडीवाचक शब्द पश्चिम आफ्रिकेतील भाषेतून आला आहे, तर लुइझियानातील 'गंबो' या दाट रश्श्याचे नाव बांटू भाषांतील भेंडीच्या नावाशी जोडले जाते. दक्षिण कॅरोलायनातील भातशेती तर पश्चिम आफ्रिकेतील शेतकऱ्यांच्या श्रमांवर आणि भातलागवडीच्या ज्ञानावर उभी राहिली.

या लोकांना मिळणारा शिधा किती तुटपुंजा होता, याची नोंद फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात केली आहे. मेरीलँडमधील त्यांच्या मळ्यावर प्रौढ गुलामाला महिन्याला 8 पौंड, म्हणजे सुमारे साडेतीन किलो, डुकराचे मांस किंवा तेवढ्या मोलाचे मासे आणि एक बुशेल मक्याचे पीठ मिळत असे. मालकांच्या घरचा स्वयंपाकही बहुधा गुलाम स्त्रियाच रांधीत. त्यामुळे ज्याला दक्षिणेची घरगुती चव म्हटले जाते, ती घडविणाऱ्या हातांत कृष्णवर्णीय हात मोठ्या संख्येने होते.

ऑलीज बार्बेक्यू, बर्मिंगहॅम

अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात 1927 मध्ये सुरू झालेले ऑलीज बार्बेक्यू हे मॅक्लंग कुटुंबाचे उपाहारगृह होते. भाजलेले मांस आणि घरी केलेले पाय यांसाठी ते प्रसिद्ध होते. येथे 220 जणांची बसण्याची सोय होती. काम करणाऱ्या 36 जणांपैकी दोन तृतीयांश कृष्णवर्णीय होते. परंतु कृष्णवर्णीय ग्राहकाला आत बसून जेवण्यास आरंभापासून मज्जाव होता. त्याने अन्न बांधून न्यावे, अशी व्यवस्था होती.

2 जुलै 1964 रोजी नागरी हक्क कायदा संमत होऊन उपाहारगृहांतील असा भेदभाव बेकायदेशीर ठरला. तेव्हा मॅक्लंग कुटुंबाने या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. आपला व्यवसाय स्थानिक स्वरूपाचा असल्याने केंद्रीय संसदेला त्यात हस्तक्षेप करता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 1964 रोजी तो एकमताने फेटाळला. न्यायालयाने उपाहारगृहाची खरेदी तपासली. वर्षभरात घेतलेल्या सुमारे दीड लाख डॉलरच्या अन्नपदार्थांपैकी 46 टक्के रकमेचे मांस राज्याबाहेरून आलेले होते. सबब आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा संसदेचा अधिकार येथेही लागू होतो, असा निर्णय देण्यात आला.

या निर्णयातील विसंगती लक्षणीय आहे. स्वयंपाकघरात आणि वाढपात ज्यांचे हात चालत होते, त्यांच्या समाजाला मेजाशी बसण्याचा हक्क मिळाला, तो मांसाच्या प्रवासाचा आधार घेऊन. 'घरगुतीपणा' आणि अन्याय एकाच छताखाली सुखाने नांदू शकतात, हे या उदाहरणावरून दिसून येते.

डूकी चेस, न्यू ऑर्लिन्स

याउलट चित्र लुइझियानातील न्यू ऑर्लिन्स शहराच्या ट्रेमे भागात दिसते. येथे चेस कुटुंबाने 1941 मध्ये डूकी चेस हे उपाहारगृह सुरू केले. या घरची सून लीआ चेस (1923-2019) यांनी पुढे त्याला कीर्ती मिळवून दिली. तरुणपणी त्यांनी शहराच्या फ्रेंच क्वार्टर भागात वाढपी म्हणून काम केले होते. ज्या मेजांवर त्या वाढीत, तेथे ग्राहक म्हणून बसण्याची त्यांना मुभा नव्हती. आपल्या समाजालाही तसेच उत्तम ठिकाण लाभावे, या हेतूने त्यांनी सासरच्या उपाहारगृहात बदल केले. आरंभी त्यांनी लॉब्स्टरचा एक उंची फ्रेंच पदार्थ मांडून पाहिला, परंतु ग्राहकांना तो रुचला नाही. तेव्हा त्या आपल्या क्रिओल परंपरेतील गंबो, तळलेली कोंबडी आणि राजम्याच्या जातीच्या लाल घेवड्याबरोबरचा भात यांकडे वळल्या.

वंशभेदाच्या कायद्यांनुसार कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय यांनी एकत्र जेवणे त्या काळी निषिद्ध होते. तरीही या उपाहारगृहाच्या माडीवर दोन्ही वर्णांचे कार्यकर्ते एकत्र बसून चळवळीचे बेत आखीत आणि गंबो खात. थरगुड मार्शल आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारखे नेते येथे येऊन गेले. 1961 मधील 'फ्रीडम रायडर्स' या आंदोलकांनाही येथे जेवू घालण्यात आले.

29 ऑगस्ट 2005 रोजी आलेल्या कॅटरिना चक्रीवादळानंतर ही वास्तू पाण्याखाली गेली. लीआ चेस त्या वेळी 82 वर्षांच्या होत्या. उपाहारगृहासमोरच तात्पुरत्या फिरत्या घरात राहून त्यांनी दुरुस्ती पार पाडली आणि 2007 मध्ये दार पुन्हा उघडले. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी येथे अनेक पालेभाज्यांचा विशेष गंबो करण्याची प्रथा आहे. त्यात जितक्या प्रकारचा पाला, तितके नवे मित्र त्या वर्षी लाभतात, अशी लोकसमजूत आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, दोन्ही उपाहारगृहे कौटुंबिक होती, दोन्ही ठिकाणचे अन्न रुचकर होते आणि दोन्ही ठिकाणी नेहमीच्या ग्राहकाचे स्वागत आपुलकीने होत असे. भेद होता तो उंबरठ्यावर. एका कुटुंबाने घराची व्याप्ती वर्णापुरती ठेवली. दुसऱ्याने कायद्याचा धोका पत्करून ती वाढविली. आज हे अन्न चाखताना त्याचा आनंद कमी करून घेण्याचे कारण नाही. परंतु चवळी, भेंडी आणि मक्याच्या भरडीमागील कष्टकऱ्यांचे ऋण ज्याला ठाऊक आहे, त्याचा आनंद अधिक जाणता होतो. अन्नाचा इतिहास शिकविताना पाककृतीबरोबरच पंगतीचाही विचार व्हावा; कारण ताटात काय वाढले, याइतकेच त्या ताटावर कोणाला बसू दिले, यालाही महत्त्व आहे.