पटाशी कशाला शिकायची?

सुतारकामाच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, संगणकावर चित्र काढलं की यंत्र लाकूड कापून देतं. मग पटाशी कशाला शिकायची?" प्रश्न रास्त आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली आणि अशी यंत्रं खेड्यातल्या मुलांच्या हाती आली.

श्रोतेहो, मी उत्तर देत नाही, स्टूल करायला सांगतो. चारही पाय यंत्र तंतोतंत सारखे कापतं. तेवढं मला हातानं जमत नाही. पण खाच कोरणारं त्याचं बिट ड्रिलसारखं गोल फिरतं. ६ मिलिमीटरच्या बिटानं खाचेच्या कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई उरते आणि आडव्या पट्टीचं काटकोनी कुसू आत जातच नाही. मग पटाशी निघते. ती तंतूंच्या उलट चालली की लाकूड उचकटतं, हे हातालाच कळतं.

कोपरे कोरून कंटाळलेल्या एका मुलीनं संगणकातल्या चित्रातच प्रत्येक कोपऱ्यावर छोटं भोक दिलं. जाणकारांची ही जुनी युक्ती, तिला आपली आपण सुचली! कुसू बसलं. भोकं मात्र दिसत होती. स्टूल आजीसाठी न्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं नवं लाकूड आणि पटाशी मागितली.