बतावणीचा खेळ

मराठी माणसाला दोन गोष्टींसाठी पूर्वतयारी लागत नाही, असे मला नेहमी वाटते. एक चहा पिण्यासाठी आणि दुसरी भाषण करण्यासाठी. गणपतीच्या मांडवात कोणालाही 'दोन शब्द बोला' म्हणावे, तो आधी 'मी काही वक्ता नाही' म्हणतो आणि मग अर्धा तास ते सिद्ध करीत बसतो. अशा आपल्या समाजाला अगदी मानवेल असा एक खेळ परदेशातून आला आहे. त्याची ओळख यंदाच्या दिवाळीच्या फराळाबरोबर करून द्यावी म्हणतो.

खेळाचे नाव पॉवरपॉइंट कराओके. पॉवरपॉइंट हे भाषणाबरोबर पडद्यावर चित्रे आणि मुद्दे दाखवण्याचे संगणकावरचे साधन. ते 1987 साली निघाले आणि पाहता पाहता जगातल्या सगळ्या कचेऱ्या त्याने व्यापल्या. कराओके हा जपानी शब्द. त्याचा अर्थ रिकामा वाद्यवृंद. साथ तयार असते, गाणारा आपण आणायचा. या दोहोंची गाठ बर्लिनच्या काही लेखक-पत्रकार मंडळींनी 2006 साली घालून दिली. खेळणाऱ्याने उभे राहायचे. त्याने कधीही न पाहिलेल्या स्लाइड एकामागून एक पडद्यावर येतात आणि जणू काही आपणच त्या रात्र जागून तयार केल्या आहेत अशा थाटात त्याने बोलायचे. मागे वळायचे नाही, स्लाइड गाळायची नाही, आणि 'हे काय आहे मला ठाऊक नाही' असे तर मुळीच म्हणायचे नाही!

चित्र दाखवून बोलणे आपल्याला नवे नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 साली 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर पडत आणि त्यांबरोबर पुराणातल्या कथा रंगत. मुंबईत पहिला चलच्चित्रपट दिसला तो 1896 साली, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. त्याच्याही कितीतरी आधीपासून कुडाळजवळच्या पिंगुळीची ठाकर मंडळी पोथीतले एकेक चित्र पुढे ठेवून रामायण-महाभारत सांगत आली आहेत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पण चित्रकथ्याला आपल्या पोथीतले प्रत्येक चित्र तोंडपाठ असते. न पाहिलेल्या गोष्टीवर ऐन वेळी बोलण्याची आपली परंपरा वेगळी. ती तमाशातल्या सोंगाड्याची. गण झाला, गौळण झाली की बतावणी येते. तिची संहिता कोणी लिहून देत नाही. समोरचा जे बोलेल त्यावर फिरकी घ्यायची.

ही बतावणी पडद्यावरच्या चित्रांशी मी रंगलेली पाहिली ती यंदाच्या श्रावणात, ठाकुरवाडीला. कर्जत-खालापूरकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी ठाकूर लोकांच्या वस्त्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचे नाव ठाकुरवाडीच. अशाच एका वाडीशेजारी आमच्या मेहुण्यांनी छोटे घर बांधले आहे. दोन दिवस सगळे कुटुंब जमले होते. पाऊस असा लागला होता की अंगणात पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. तेव्हा माझ्या पुतण्याने भिंतीवर चादर ताणली, प्रोजेक्टर लावला आणि खेळाचे नियम सांगितले.

पहिला डाव मेहुण्यांचा. जन्म बँकेत गेलेला. चिठ्ठीत विषय निघाला 'कैरीचे लोणचे' आणि पडद्यावर आला कसलासा चढउताराचा आलेख. मेहुणे क्षणभर थांबले, मग छडी टेकवून म्हणाले, "ही रेघ चढते आहे ते मीठ. इथे शिखर आहे, तिथे आमच्या सौभाग्यवतींचा हात सैल सुटला. आणि ही जी कोसळली आहे, ती बुरशी." वन्संनी माजघरातून जे उत्तर दिले ते हास्याच्या कल्लोळात बुडाले. मग अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याबाई उठल्या. त्यांच्यापुढे विमानाचे इंजिन आले. "हे आमच्या सासरचे जाते," त्या शांतपणे म्हणाल्या, "सासूबाई दळायला बसल्या की असाच आवाज व्हायचा."

गंमत म्हणजे रोज कचेरीत पॉवरपॉइंट दाखवणारी आमची भाची सर्वांत आधी अडखळली. स्लाइडवर लिहिलेले वाचायची सवय. लिहिलेलेच नसेल तर बोलायचे काय? वर्गातही मी हेच पाहतो. पडदा उजळला की बोलणाऱ्याची जीभ मंदावते.

शेवटी पुतण्या स्वतः उभा राहिला. विषय होता 'माझे वनभोजन', आणि चादरीवर पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचा एक फोटो आला. पोराला वाणी अशी फुटली की काय सांगावे! ही श्रावणातली अळंबी, ती अशी निवडावी, तेलावर अशी परतावी, लसूण इतकीच घालावी. आम्ही सगळे माना डोलावत होतो. एकीने तर लसणाचे प्रमाण पुन्हा विचारले.

घराची देखभाल करणाऱ्या वाडीतल्या मावशी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "नाय हां दादा, ती खायाची नाय. आमची वारुळावरची अळंबी येगळी. ही खाल्ली तर मानूस ऱ्हायचा नाय."

हसणे थांबले. पुतण्याने निमूटपणे ती स्लाइड बंद केली. कोणीतरी मावशींना म्हणाले, "आता तुमचा डाव." त्या हसून म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाई त्याच्यावर मी काय बोलू?"

त्या रात्री आम्ही खेळात एका नियमाची भर घातली. डाव संपला की प्रत्येकाने सांगायचे, आपल्या बोलण्यातले खरोखर ठाऊक होते ते कोणते आणि रचलेले कोणते. ही उजळणी खेळाइतकीच रंगली. मेहुण्यांना मिठाचे खरे प्रमाण ठाऊक निघाले. वन्संना हे लग्नानंतर तीस वर्षांनी कळले.

सोंगाड्या रंगमंचावर असतो तोवर त्याची बतावणी ही कला आहे, कारण ती बतावणी आहे हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. तोच माणूस पायरी उतरून औषध सांगू लागला, जमिनीचे व्यवहार समजावू लागला, पैसे कोठे गुंतवावेत याचा सल्ला देऊ लागला की तिचे नाव थाप. दोन्हींचा आवाज सारखा, ऐट सारखी, पडद्यावरचे आलेखही सारखेच देखणे. फरक ओळखायचा तो ऐकणाऱ्याने. आणि आपण इतक्या सफाईने रचू शकतो हे एकदा स्वतः अनुभवले की दुसऱ्याच्या सफाईकडेही माणूस जरा डोळे उघडे ठेवून पाहू लागतो. मुलांना ही जाण द्यायला याहून स्वस्त शाळा मला तरी माहीत नाही.

म्हणून या दिवाळीत पाहुणे जमले की हा खेळ मांडून पाहा. प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही. जुन्या कॅलेंडरांची पाने, औषधांच्या खोक्यांतली पत्रके, मुलांच्या भूगोलातले नकाशे असे काहीही चालेल. माणशी पाच चित्रे आणि पाच मिनिटे पुरेत. पोटभर थापा मारा, पोटभर हसा. मात्र चकल्यांचे ताट रिकामे होण्यापूर्वी ती शेवटची उजळणी करायला विसरू नका.