टोल भरायचा, शर्यत विसरायची

जर्मनीच्या पश्चिमेला आयफेलच्या डोंगराळ भागात नुर्बुर्ग नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या भोवतीचा मोटार शर्यतीचा ट्रॅक १९२७ साली खुला झाला. त्याचा जुना, उत्तरेकडचा भाग म्हणजे नॉर्डश्लायफे. लांबी २०.८ किलोमीटर, सत्तरहून जास्त वळणं, आणि सर्वांत उंच व सर्वांत खोल जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक. स्कॉटलंडचा विश्वविजेता जॅकी स्टुअर्ट याने त्याला ‘हिरवा नरक’ म्हटलं. १ ऑगस्ट १९७६ रोजी इथे शर्यतीत चालक निकी लाउडाची फेरारी पेटली, आणि त्या वर्षानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या जुन्या ट्रॅकवर झाली नाही.

शर्यती आणि गाड्यांच्या चाचण्या नसतात तेव्हा मात्र याच ट्रॅकवर कोणालाही स्वतःची गाडी घालता येते. वैध लायसन्स हवं, गाडी रस्त्यावर चालवायला पात्र हवी, आणि टोल भरायचा. कसलीही वेगळी परीक्षा नाही. कार्ड टेकवलं की दांडा वर जातो आणि घरचे मागच्या सीटवर बसलेली स्टेशन वॅगन अनुभवी चालकाच्या पोर्शेच्या पुढे त्याच वळणांकडे निघते.

इथेच बहुतेक नवख्यांची गफलत होते. दांड्यापलीकडे आता शर्यतीचा ट्रॅक आहे, असं त्यांना वाटतं. कायद्याच्या नजरेत त्या वेळी तो टोलचा एकदिशा रस्ता असतो आणि जर्मन वाहतूक कायदा त्याला लागू असतो. गाडी उजवीकडे ठेवायची, ओव्हरटेक फक्त डावीकडून करायचं. वेळ लावून फेरी मारायला बंदी आहे, शर्यत लावायलाही. विनाकारण थांबायचं नाही, उलटं जायचं नाही. शर्यतीच्या दिवशी दिसतो तसा झेंडे घेतलेला मार्शल इथे प्रत्येक वळणावर नसतो. पुढे काय वाढून ठेवलंय ते मागच्याला कळवायचं काम त्यामुळे बऱ्याचदा गाडी चालवणाऱ्यांनाच करावं लागतं.

पुण्या-मुंबईहून जर्मनीत नोकरीला गेलेल्या मराठी इंजिनिअरांसाठी यात एक खास धोका आहे. आपल्या हायवेवर पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा अनेकदा त्याला म्हणायचं असतं, ‘या, उजवीकडून पुढे निघा.’ नॉर्डश्लायफेवर हळू चालणारा माणूसही उजवाच इंडिकेटर देतो. त्याचा अर्थ मात्र ‘तुम्हाला पाहिलंय, मी उजवीकडेच आहे, तुम्ही डावीकडून जा’ असा. दिवा तोच, मोकळी बाजू उलटी. वर्षानुवर्षं उजवीकडून साइड घेतलेल्या हाताला दीडशेच्या वेगात हे आठवायला एक क्षणच मिळतो. आणि असा इशारा आपण द्यायचा, तर मागून येणारा आधी दिसायला हवा. म्हणून जाणकार सांगतात, पहिल्या फेरीत वळणांकडे कमी आणि आरशाकडे जास्त बघा.

आरशाचं महत्त्व कळायला थोडं गणित पुरतं. ताशी ८० ने जाणाऱ्या गाडीच्या मागून ताशी २०० ने गाडी आली, तर दोघींमधलं अंतर दर सेकंदाला ३३ मीटरने घटतं. आरशात मघाशी काहीच नव्हतं म्हणून बाजू बदलायची, हा हिशेब चार सेकंदांतच जुना होतो.

ब्रेकचं गणित याहून निर्दय आहे. कोरड्या रस्त्यावर, उत्तम टायर असताना, ताशी १०० वरून थांबायला सुमारे ४० मीटर लागतात. ताशी २०० वरून ८० नाही, जवळजवळ १६० मीटर लागतात, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी ५५ मीटर घाला. दरम्यान ही सगळी ऊर्जा जाते कुठे? ब्रेकच्या डिस्कमध्ये, उष्णता होऊन. दीड टनाची गाडी २०० वरून थांबते तेव्हा सुमारे २३ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. चार डिस्कचं एकूण वजन ३० किलो धरलं, तर एकाच ब्रेकमध्ये त्या दीडशे अंशांहून जास्त तापू शकतात. रोजच्या रस्त्यावर दोन सिग्नलांच्या मधे त्या निवतात. इथे पुढचं वळण लगेच आलेलं असतं.

ही उष्णता कॅलिपरमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असा निकष आहे. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं आणि मुरलेल्या पाण्यासह हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे मघापर्यंत घट्ट असलेलं पेडल पायाखाली मऊ पडतं आणि बुडापर्यंत जातं, गाडी मात्र थांबत नाही. नियम तोंडपाठ असलेल्या माणसालाही दोन वर्षं न बदललेलं ऑइल इथे दगा देऊ शकतं.

गाडीतून काही गळत असेल तर परिस्थिती आणखी वाईट होते, आणि याची जाणीव सगळ्यांत कमी आढळते. इंजिनाचा कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल. तो ट्रॅकवर सांडला की टायरची पकड जाते, आणि साध्या पाण्यासारखा तो पटकन वाळतही नाही. ज्याची गाडी गळते तो पुढे निघून गेलेला असतो, सापडतात ते मागून येणारे. तापमानाचा काटा चढला किंवा बॉनेटखालून वाफ दिसली, तर ‘कशीबशी फेरी पुरी करू’ हा विचार सोडून द्यायला हवा. लगेच कडेला घ्यायचं, चारही इंडिकेटर लावायचे, गाडीतल्या सगळ्यांना लोखंडी कठड्यापलीकडे न्यायचं आणि ट्रॅकच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचं. अपघात पाहणाऱ्यानेही वेग कमी करून मागच्यांना सावध करायचं. संकटातल्या माणसाला शक्य असूनही मदत न करणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम ३२३सी नुसार गुन्हा आहे. लाउडाला जळत्या गाडीतून बाहेर काढणारेही दुसरे चालकच होते. मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चौघांनी त्याचा जीव वाचवला.

नियम माहीत असूनही माणसं ते का मोडतात? मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के सहभागींनी आपलं ड्रायव्हिंग कौशल्य गटातल्या मधल्या माणसापेक्षा सरस ठरवलं. निम्म्याहून जास्त जण मधल्याच्या वर असूच शकत नाहीत. स्वीडनचेच नील्स पेटर ग्रेगर्सेन यांनी १९९६ मध्ये याच्या पुढचा प्रयोग मांडला. तरुण चालकांच्या एका गटाला त्यांनी ब्रेक मारून अडथळा चुकवण्याचं तंत्र शिकवलं. दुसऱ्या गटाला आपलं तंत्र कुठे अपुरं पडतं याची जाणीव करून दिली. नंतर घेतलेल्या चाचणीत दोन्ही गट सारखेच ठरले. पण तंत्र शिकलेल्यांना आपण किती उत्तम चालवतो याचा अंदाज जास्त फुगलेला होता.

नॉर्डश्लायफेसारख्या ठिकाणी तर या फुगलेल्या अंदाजाला खतपाणीच मिळतं. एक फेरी नीट पार पडली की तेवढ्यावरच ‘जमलं’ असं वाटतं. पण एका फेरीत कोणी किती शिकणार? वीस किलोमीटरच्या वाटेवर एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस असू शकतो. ट्रॅकच्या फुक्सरोअर नावाच्या उतारावर मागच्या खेपेला मिळालेली पकड या खेपेला मिळेलच असं नाही. शिवाय कागदावर वाचलेला नियम आणि हातापायांत मुरलेली सवय मेंदू वेगवेगळ्या वाटांनी साठवतो. घाईच्या क्षणी सवय आधी धावते. फेऱ्या सुरू करण्याआधी प्रशिक्षकाबरोबर, हळू वेगात, आरसा, उजवी बाजू आणि इंडिकेटर यांचा सराव करून घेणं त्यासाठीच मोलाचं. नवख्यांना निदान तेवढ्या सरावाशिवाय दांड्याच्या आत सोडू नये, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे.

ट्रॅकवरून बाहेर पडल्यावरही काही काळ जपायला हवं. बराच वेळ मोठ्या वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना मध्यम वेग रेंगाळल्यासारखा वाटतो. स्पीडोमीटर न पाहता चालवणारा माणूस त्या भ्रमात ठरवल्यापेक्षा जोरात जातो. ट्रॅकलगतच्या आडेनाऊसारख्या गावात शिरताना वेगमर्यादा ताशी ५० असते, आणि तिथल्या रस्त्यावर माणसं पायी चालत असतात.