स्नायूंचे श्रम, मेंदूचे काम

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के. परंतु आपण स्वस्थ असताना शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू घेतो. थोडे गणित करून पाहू. स्वस्थ बसलेला माणूस वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण ३.५ मिलिलिटर प्राणवायू वापरतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला २१० मिलिलिटर लागतो. १ लिटर प्राणवायू वापरला गेला की अन्नातून सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा मिळते. यावरून मिनिटाला ४.२ किलोज्यूल, म्हणजेच ७० वॅट एवढी शक्ती येते. तिचा पाचवा हिस्सा, १४ वॅट, मेंदूचा!

धावताना प्राणवायूचा वापर कितीतरी पट वाढतो, पण हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांच्या कुवतीप्रमाणे त्याला एक कमाल मर्यादा असते. ही मर्यादा हे तंदुरुस्तीचे चांगले माप होय. नियमित व्यायामाने ती वाढते. मग तिच्याबरोबर मेंदूचे कामही सुधारते काय?

हा प्रश्न स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या बाबतीत फार मोलाचा आहे. मराठीत या आजाराला छिन्नमनस्कता म्हणतात. जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो असतो आणि बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. 'एका देहात दोन माणसे' ही त्याविषयीची समजूत चुकीची आहे. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असे ठामपणे वाटणे, ही त्याची लक्षणे. १९५० नंतरच्या दशकात आलेल्या औषधांनी ती आटोक्यात येऊ लागली. परंतु लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग यांत आलेली उणीव औषधांनी फारशी भरून निघत नाही. त्यामुळे आवाज थांबले तरी सुटलेले शिक्षण किंवा नोकरी पुन्हा धरणे जड जाते.

२०१० साली जर्मनीतील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ रुग्णांनी तीन महिने, आठवड्यातून तीनदा, एका जागी बसवलेली सायकल चालवली. दुसऱ्या आठ रुग्णांनी तेवढाच वेळ टेबलावरचा फुटबॉल खेळला. हा दुसरा गट कशासाठी? लोकांत मिसळण्याचा फायदा कोणता आणि व्यायामाचा कोणता, हे वेगळे काढण्यासाठी. सायकल चालवणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग सुमारे १२ टक्के वाढलेला दिसला. खेळणाऱ्यांचा वाढला नाही. मात्र २०१३ साली नेदरलँड्समधील प्रयोगात अशी वाढ आढळली नाही. एका लहान प्रयोगावर विसंबू नये, ते यासाठीच.

२०१५ साली न्यूयॉर्कमधील ३३ रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात बारा आठवडे व्यायाम केलेल्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरी १८ टक्के वाढली आणि बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी १५ टक्के सुधारली. व्यायाम न केलेल्या गटात सुधारणा दिसली नाही. २०१७ साली अशा १० प्रयोगांतील ३८५ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला. सुधारणा माफक, पण निश्चित होती. लक्ष आणि तात्पुरते स्मरण यांत ती दिसली. प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली केलेला व्यायाम अधिक उपयोगी ठरला.

हे कसे घडत असावे? व्यायामाने मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो. शिवाय चेतापेशींची वाढ आणि त्यांच्यातील जोडण्या यांना मदत करणारे बीडीएनएफ नावाचे प्रथिन वाढते, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. त्याचा पूर्ण उलगडा अद्याप व्हायचा आहे.

व्यायाम हा औषधाला पर्याय नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवणे धोक्याचे असते. परंतु अशा रुग्णाला एकट्याने व्यायामात टिकून राहणे अवघड जाते. ओळखीत असा कोणी असेल, तर त्याला 'वेडा' म्हणण्यापेक्षा रोज संध्याकाळी आपल्याबरोबर फिरायला बोलवावे. त्याला खर्च काही नाही, आणि तंदुरुस्ती दोघांचीही वाढेल.