जुनी वही रद्दीत घालण्याआधी हे वाचा!

धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की महामार्गावर सोनगीर लागतं. किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी, ही आपल्या गावाची ओळख. किल्ल्याचा इतिहास पुस्तकात सापडेल, पण भांड्यांचा? हंडा किती वजनाचा निघायचा, घडाईचा भाव काय होता, माल कुठल्या बाजाराला जायचा, हे लिहिलेलं असतं तांबटांच्या आणि दुकानदारांच्या वह्यांत. आणि वह्या जातात रद्दीत! जुन्या भांड्यावर कोरलेलं नाव हीसुद्धा एक नोंदच. भांडं मोडीत दिलं की तीही वितळते.

तुम्ही म्हणाल, आम्हाला धंदा करायचाय, इतिहास कशाला? थांबा, यात धंदाच आहे.

धुळ्याचंच उदाहरण घ्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून लोकांच्या घरातली दप्तरं शोधली. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे २२ खंड निघाले, पहिला १८९८ साली. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आणि संग्रहालय आजही धुळ्यात आहे. एकदा जाऊन या.

मोठ्या कंपन्याही हेच करतात. टाटा समूहाचं दप्तर पुण्यात जपलेलं आहे. गोदरेजने २००६ मध्ये विक्रोळीला स्वतःचा संग्रह सुरू केला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी त्यांनी १२ लाखांहून जास्त मतपेट्या बनवल्या होत्या. पेटीला बाहेरून कुलूप लावलं तर खर्च वाढत होता, म्हणून आतूनच बंद होणारी कडी काढली. ही गोष्ट कंपनी आज अभिमानाने सांगते. का सांगू शकते? कागद आणि जुन्या माणसांच्या आठवणी जपल्या म्हणून.

आता तुमचा फायदा बघा.

१. नावाचा हक्क: उद्या कोणी तुमच्या दुकानाचं नाव वापरलं, तर "आधीपासून आम्ही वापरतोय" हे दाखवायला तारखेची जुनी बिलं लागतात.

२. गावाच्या मालाची ओळख: जळगावच्या केळीला आणि भरीताच्या वांग्याला जीआय मानांकन आहे. अशा अर्जात माल इथलाच आहे याचा पुरावा द्यावा लागतो. वह्याच नसतील तर दाखवणार काय?

३. गिऱ्हाइकाचा विश्वास: "आमचं दुकान जुनं आहे" असं नुसतं म्हणणं वेगळं आणि आजोबांच्या हातची पावती फ्रेम करून लावणं वेगळं.

करायचं काय? जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावेच लागतात. ती मुदत संपली की सरसकट रद्दी काढू नका. दरवर्षीची एक वही, काही बिलं, दरपत्रक, दुकानाचा फोटो बाजूला काढा. पिना काढा, सुती कापडात बांधा, ओल आणि वाळवीपासून लांब ठेवा. मोबाईलवर फोटो घेऊन वर्षाप्रमाणे फोल्डर करा. वही मोडीत असेल तर "वाचता येत नाही" म्हणून फेकू नका, मोडी वाचणारे लोक आहेत. आणि घरातल्या जुन्या कारागिराला बोलतं करून रेकॉर्डिंग करा. हे काम मात्र पुढे ढकलू नका, कारण वही थांबेल, माणूस थांबत नाही.

ज्यांचा धंदा आत्ताच सुरू होतोय त्यांनी पहिलं बिल आजच जपून ठेवा. तुमच्या संग्रहाचं पहिलं पान तेच.

या रविवारचा होमवर्क: माळ्यावरची एक पेटी उघडा. काय सापडलं ते व्हिडिओखाली नक्की लिहा!